ताई, लोगो बदलायचाय... अर्जंट!

रविवारची सकाळ. बाणेरच्या फ्लॅटमध्ये मी दुसऱ्या चहाच्या आशेवर मस्त लोळत पडलेली. आणि मोबाइलवर मामेभावाचा मेसेज : ‘ताई, आपला लोगो बदलायचाय. अर्जंट.’

तुमच्यापैकी कुणी डिझायनर असेल तर त्याला ही ‘अर्जंट’ची भानगड वेगळी सांगायला नको. लग्नपत्रिका, भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, सोसायटीच्या गणपतीचा बॅनर... घरात एक ग्राफिक डिझायनर असला की अख्ख्या खानदानाची फुकटात सोय होते. पण या मेसेजमधल्या एका शब्दानं मला उठवून बसवलं. लोगो? आपल्याला लोगो आहे?

सांगते. माझ्या मामांचा इंदापूरला फोटो स्टुडिओ आहे. १९८८ पासून. नाव इथं छापत नाही, कारण ‘फुकटची जाहिरात नको’ असा मामांचा सज्जड दम आहे. एवढंच सांगते की, आधी माझ्या आजीचं नाव आणि मग ‘आर्ट फोटो स्टुडिओ’. पेंटरनं हातानं रंगवलेली पाटी, पिवळ्यावर लाल अक्षरं. आणि ‘आर्ट’वरचा रफार म्हणजे चक्क एक छोटासा कॅमेरा! लहानपणी मला तो जाम आवडायचा. पुण्यात कॉलेजला आल्यावर मात्र कुणी विचारलं, ‘मामा काय करतात?’ तर मी म्हणायचे, ‘बिझनेस आहे.’ पुढे काही बोलायची नाही.

तर मामेभावाला बारामतीत शाखा काढायची होती. इंदापूर ते बारामती अंतर पन्नासेक किलोमीटर, पण लग्नाच्या बाजारात दोन्ही गावांमध्ये बराच फरक. बारामतीत एमआयडीसी आहे, मोठमोठी कॉलेजं आहेत, लॉन्स आहेत, हौसेनं खर्च करणारी पार्टी आहे. ही मंडळी आधी इन्स्टाग्राम बघतात आणि पुण्याची टीम बोलावतात. कॅन्डिड, ड्रोन, सिनेमॅटिक, सगळं पॅकेजमध्ये. गेल्या सीझनला आमच्या बऱ्याच तारखा रिकाम्या गेल्या. नात्यातल्याच एका लग्नात मामा अक्षता टाकायला गेले, आणि फोटो काढायला पुण्याहून चार पोरं आली होती. त्या रात्री भाऊ म्हणाला, ‘या सीझनला नाही जमलं, तर मी एमआयडीसीत लागतो.’ मामांनी ऐकलं. काही बोलले नाहीत म्हणे.

ते ‘अर्जंट’ खरंच अर्जंट होतं.

पुढच्या शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली. लॅपटॉपमध्ये चकाचक प्रेझेंटेशन तयार होतं. सोलापूर रस्त्यानं भिगवण मागे पडलं आणि उजनीचं पाणी चमकायला लागलं, तेव्हा मी मनात शेवटची स्लाइड घोकत होते. ऑफिसमध्ये भल्याभल्या क्लायंटना गुंडाळलंय, मामा काय चीज आहेत!

स्टुडिओच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवला. प्रेक्षकांत मामा, मामी आणि भाऊ. पहिली स्लाइड : ऑफ-व्हाइट बॅकग्राउंड, सोनेरी रेघ, बारीक इंग्रजी अक्षरं. आजीचं नाव गायब. त्याजागी एक छोटंसं, गोड, कुठल्याही देशात चालेल असं नाव आणि खाली ‘वेडिंग स्टोरीज’.

मामी म्हणाली, ‘छान आहे गं. भारीतल्या साबणाच्या खोक्यावर असतं तसं.’

मामा चष्मा पुसत म्हणाले, ‘आईचं नाव कुठंय?’

‘मामा, ते जरा... जुनं वाटतं. म्हणजे क्लायंटला...’

‘व्हय,’ मामा म्हणाले. ‘जुनंच हाय ते.’

भावानं विषय बदलला. ‘ताई, नुसती इंग्रजी पाटी चालणार नाही हां.’ बरोबर होतं त्याचं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान ठेवून चालत नाहीत. मी ब्रँडिंगवाली, आणि हे माझ्या एकाही स्लाइडमध्ये नव्हतं!

‘नाव बदलून धंदा वाढतो का गं?’ मामांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

मग मी सुरू झाले. आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोनं २००४ मध्ये जुनं षटकोनी चिन्ह सोडून नवं घेतलं. यूटीआय बँकेची २००७ मध्ये ॲक्सिस बँक झाली, आज जुनं नाव किती जणांना आठवतं?

‘आन् फसलेलं एखादं?’

फसलेलंही होतं. अमेरिकेतल्या ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीनं ऑक्टोबर २०१० मध्ये नवा लोगो आणला. लोकांनी इंटरनेटवर एवढा आरडाओरडा केला की, आठवड्याभरात गपचूप जुना लोगो परत! आणि ज्यांच्या रोलवर मामांनी निम्मं आयुष्य काढलं, ती कोडॅक? जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून बाहेर आल्यावर २०१६ मध्ये नवा लोगो केला, तर तो होता १९७१ चाच लाल-पिवळा ‘के’. फक्त अक्षरांची मांडणी नवीन.

‘म्हंजे फिरून तिथंच,’ मामा म्हणाले आणि गिऱ्हाइकाचे पासपोर्ट फोटो कापायला उठले.

प्रेझेंटेशन तिथंच संपलं. टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. पण मी हार मानणारी नव्हते. ठरवलं, मामांना त्यांच्याच कामानं पटवायचं. त्यांचा सगळ्यात भारी फोटो काढायचा, मोठ्ठा करायचा आणि बारामतीच्या बोर्डावर लावायचा. नव्या ब्रँडचा चेहरा!

दुपारभर जुने अल्बम चाळत बसले. आणि खरं सांगू? थक्क झाले. आमच्याकडच्या लग्नात फोटोग्राफरचं काय होतं, ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. अक्षता पडायच्या आधी सत्कार. कारखान्याचे संचालक, झेडपीचे सदस्य, विकास सोसायटीचे चेअरमन. प्रत्येकाच्या फेट्याचा, टॉवेल-टोपीचा, नारळाचा फोटो हवाच. एकाचा राहिला तर भाऊबंदकी सुरू! रोल छत्तिसाचा. म्हणजे छत्तीस वेळा बोट दाबायचं, संपला की दुसरा रोल, आणि प्रत्येक क्लिकला पैसे. त्या धबडग्यातून नवरीसाठी उरायचे मोजके फोटो. तरीही मामांनी काय काय टिपलं होतं! अंतरपाटाआडून दिसणारी नुसती बोटं. मंडपाच्या खांबाला टेकून झोपलेली करवली. ‘कॅन्डिड’ हा शब्द इंदापुरात पोचायच्या कितीतरी आधीचं कॅन्डिड.

मागच्या लोखंडी कपाटात एक वेगळा अल्बम सापडला. त्यात तो फोटो होता. हळदीच्या अंगानं बसलेली नवरी, कुणीतरी काहीतरी बोललंय आणि ती मान मागे टाकून खदखदून हसतेय. दात दिसतायत, केस विस्कटलेत. पोज नाही, काही नाही. फोटो उलटा केला. मागे जांभळ्या शाईचा गोल शिक्का : आजीचं नाव, इंदापूर आणि मध्ये पेननं लिहिलेला निगेटिव्हचा नंबर. खाली साल, १९९९.

‘मामा, हाच! बोर्डावर हाच लावायचा!’

मामांनी फोटो हातात घेतला. ‘तिला विचारलंस?’

‘कुणाला?’

‘हिला.’

मी म्हटलं, ‘मामा, फोटो तुम्ही काढलाय.’

‘मी काढला. पैसे तिच्या बापानं दिलेत.’

तेव्हा मला हे मामांचं साधेपण वाटलं. नंतर शोधलं तर कायदाही जवळजवळ हेच म्हणतो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो गिऱ्हाइकाला न विचारता सरसकट इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांनी जरा सांभाळून. आपण रोज किती जणांचे असे फोटो लाइक करतो, कधी डोक्यात तरी येतं का?

मामांनी मग सांगितलं. हा फोटो कितीतरी वर्षं दुकानाच्या शोकेसमध्ये होता. त्या मुलीचं पुढे पटलं नाही, सोडचिठ्ठी झाली. ज्या दिवशी मामांच्या कानावर आलं, त्या संध्याकाळी त्यांनी तो काचेतून काढून कपाटात ठेवला. ‘लावतानाच इचारायला पायजे होतं,’ म्हणाले. ‘तवा नाय सुचलं.’ ती आता बारामतीत असते, शाळेत शिकवते, एवढंही त्यांना ठाऊक होतं.

रविवारी भाऊ आणि मी बाइकवर बारामतीला. रस्त्यानं ऊस, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मंगल कार्यालयांच्या कमानी. मी मनात संवाद जुळवत होते, एकदम प्रोफेशनल. बाईंनी दार उघडलं आणि तो संवाद गेला उडत. तेच हसू होतं, केस पांढरे झाले होते.

फोटो पुढे केला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. ‘मी अशी हसायचे होय?’

त्यांनी हा फोटो कधी बघितलाच नव्हता! अल्बम सासरी राहिला, मागायला कोण जाणार? बोर्डाचं विचारलं तर स्वच्छ म्हणाल्या, ‘नको गं. फोटो छानच आहे. पण माझ्या वर्गातली पोरं त्याच रस्त्यानं जातात. आणि ती नवरी आता कुणाचीच नाही.’

मी ‘सॉरी मॅडम’ म्हणून उठणार, तेवढ्यात त्यांनी भावाला विचारलं, ‘आबांचा आहे का रे एखादा? माझ्या लग्नातला?’ आणि भिंतीकडे बोट केलं. हार घातलेली फ्रेम. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा घाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला. तुम्हाला माहितीय आधारचा फोटो कसा येतो. पडलेला चेहरा, धुरकट, ओळख पटण्यापुरता. ‘आबा असे नव्हते दिसत,’ त्या म्हणाल्या. ‘पण आता दहा वर्षांनी सगळ्यांना हेच आठवणार.’

परत येताना भाऊ गाडी चालवत होता आणि आम्ही दोघंही गप्प होतो.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते काही न बोलता माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली घेऊन आले. मग दुसरी. मग तिसरी. आत बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह, तालुक्यातल्या गावांप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावलेल्या. शेजारी लांबडी वही. फोटोमागच्या शिक्क्यातला नंबर वहीत बघायचा, वहीतून पेटी, पेटीतून पाकीट. पाच मिनिटांत १९९९ चं ते लग्न मामांच्या हातात होतं. आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर मागच्या महिन्याची फाइल शोधायला मला याहून जास्त वेळ लागतो!

मामांनी ट्यूबलाइटपुढे पट्टी धरली आणि एकेक चौकट बघत गेले. ‘हा.’

निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं, मला काहीच कळेना. स्कॅन केल्यावर कळलं. कन्यादान. मुलीचा हात पुढे गेलाय आणि फेट्याचा शेव डोळ्याला लावलेला बाप. फोटो किंचित हलला होता, म्हणून मामांनी त्याचा कधी प्रिंटच काढला नव्हता. सव्वीस वर्षं तो नापास फोटो पेटीत पडून होता.

‘टाकून का नाही दिला?’ मी विचारलं.

मामा पेटीचं झाकण पुसत म्हणाले, ‘आपलं जुनं गाव कुठंय सांग.’

मला माहीत होतं. आजोळच्या सगळ्यांनाच माहीत आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे तुंबत आलं आणि काठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा आपण सगळे त्याचे फोटो काढायला जातो. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो आले की त्याच पाण्यावर होडीतून प्री-वेडिंग शूट होतात. भाऊच करतो की! त्या पाण्याखाली कुठंतरी मामांचं घर आहे. दाराशी चिंच होती म्हणतात.

‘त्या घराचा एक बी फोटो न्हाई,’ मामा म्हणाले. ‘हललेला सुदिक न्हाई. आईनं मरस्तवर चिंच चिंच केलं. मला दाखवायला काय नव्हतं.’

इतकी वर्षं मी ती पाटी बघत आले होते. आजीचं नाव तिथं का आहे, हे मला त्या रात्री कळलं. आणि मी ते पहिल्याच स्लाइडमध्ये उडवलं होतं.

रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि कोरी फाइल घेतली. भाऊ शेजारी बसला. यावेळी आतेबहीण असूनही मी त्याला क्लायंटला विचारते तेच विचारलं, ‘पुण्याची टीम देत नाही असं आपण काय देतो?’ ड्रोन त्यांच्याकडेही आहे. कॅमेरा त्यांचा भारी आहे. पण लग्नानंतर ते पेनड्राइव्ह देतात आणि बात खतम. पेनड्राइव्ह हरवला, हार्ड डिस्क गेली, की लग्न गेलं. आपल्याकडे १९८८ पासूनचं लग्न पाच मिनिटांत मिळतं. मग हे आपण कुणाला सांगितलंच कुठं?

ब्रँड तिथंच होता. जांभळ्या शाईत, फोटोच्या पाठीमागे.

तो गोल शिक्काच आम्ही लोगो केला. पाटीचा फोटो काढून पेंटरची अक्षरं जशीच्या तशी ट्रेस केली, फक्त पोपडे उडालेल्या कडा साफ केल्या. कॅमेऱ्याचा रफार ठेवला. तयार फॉन्ट वापरायचा मोह झाला होता, पण तसं अक्षर दुसरीकडे कुठंच नाही, मग सोडायचं कशाला? रंग एकच, शाईचा जांभळा. आजीचं नाव सगळ्यात मोठं. खाली शहरं दोन : इंदापूर आणि बारामती. ‘वेडिंग स्टोरीज’ नाही. त्याऐवजी तीन शब्द : ‘फोटो जपून आहे.’

आता असं छापायचं तर ते खरं हवं. खरा खर्च तिथं झाला, लोगोवर नाही. फोटोग्राफर लोकांत ३-२-१ असा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत दुसऱ्या जागी. भावानं एक प्रत इंदापूरला ठेवली, एक बारामतीला, एक क्लाउडवर. दोन दुकानं असण्याचा असाही फायदा! जुन्या निगेटिव्हना बुरशी लागू नये म्हणून पेट्या माळ्यावरून कोरड्या कपाटात आल्या आणि रोज थोड्या थोड्या स्कॅन होतायत. ऑर्डर फॉर्मवर एक ओळ वाढली : ‘तुमचा फोटो इन्स्टाग्रामवर, अल्बममध्ये किंवा बोर्डावर वापरू का? हो / नाही.’ भाऊ म्हणाला, ‘निम्मे नाही म्हणतील.’ मामा म्हणाले, ‘म्हणू देत की.’ पॅकेजचे दरही थोडे वाढवले. यावर बापलेकांचं दोन दिवस वाजलं, शेवटी मामीनं निकाल दिला.

बाईंच्या घरी आबांचा फोटो भाऊच देऊन आला. फ्रेमसकट. पैसे घेतले नाहीत. मामांचा हिशेब सोपा, ‘१९९९ ला दिलेत त्यांनी.’ हसणाऱ्या नवरीचा प्रिंटही पाकिटात घालून दिला, तो त्या भिंतीवर लावतात की कपाटात ठेवतात, हे आम्ही विचारलं नाही.

बारामतीच्या बोर्डावर कुणाचाच चेहरा नाही. जांभळा शिक्का आणि तीन शब्द.

आता तुम्ही विचाराल, धंदा वाढला का? खोटं सांगणार नाही. पहिल्या सीझनला फार मोठी कामं मिळाली नाहीत. मोठ्या लॉन्सवर अजूनही पुण्याच्याच टीम येतात. पण गाळ्याचं भाडं निघतंय आणि भावानं एमआयडीसीचा विषय पुन्हा काढलेला नाही. शिवाय एक वेगळंच गिऱ्हाईक सुरू झालंय. पन्नाशी-साठीची माणसं दारात येतात, बोर्डाकडे बघतात आणि दबकत विचारतात, ‘आमच्या लग्नाची निगेटिव्ह असंल का हो?’ भाऊ वही उघडतो. त्यांच्या बरोबर आलेल्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं बऱ्याचदा.

मध्यंतरी ऑफिसमध्ये एकानं सहज विचारलं, ‘तुझे मामा काय करतात?’ म्हटलं, ‘फोटो स्टुडिओ आहे. इंदापूरला. आणि आता बारामतीलाही.’ त्याला मोबाइलवर लोगो दाखवला. तो रफार बघून म्हणाला, ‘सॉलिड आहे यार, कुणी केला?’ मी एका पेंटरचं श्रेय घेणार होते, थोडक्यात वाचले.

हे लिहून संपवते आहे, तेवढ्यात मोबाइल वाजला. मामेभाऊच.

‘ताई, व्हिजिटिंग कार्डावर पिनकोड चुकलाय. अर्जंट.’